महाराष्ट्रातील पारलिंगी स्त्रिया आणि एचआयव्ही

महाराष्ट्रातील पारलिंगी स्त्रियांमध्ये एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येच्या तुलनेत अनेक पटींनी अधिक आढळते. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःची ओळख स्त्री किंवा तृतीयपंथी अशी सांगणाऱ्या व्यक्तींचा या गटात समावेश होतो. संसर्गाच्या या विषम भारामागे जैविक कारणांबरोबरच कुटुंबातून होणारी हकालपट्टी, उपजीविकेची मर्यादित साधने, हिंसा आणि सरकारी व खासगी रुग्णालयांतील भेदभाव ही कारणे असल्याचे मानले जाते. एचआयव्हीची चाचणी व औषधे शासनामार्फत मोफत मिळत असली, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचणे आणि उपचार अखंड चालू ठेवणे हा या समुदायापुढील मुख्य प्रश्न आहे. मुंबई, ठाणे व पुणे या शहरांत समुदायाधारित संस्थांचे काम दीर्घकाळापासून आहे. मराठवाड्यात सेवांचा भार प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयावर आणि जिल्हास्तरीय यंत्रणेवर आहे.

संज्ञा

मराठीत या समुदायासाठी एकाहून अधिक शब्द प्रचलित आहेत. शासकीय कागदपत्रांत सामान्यतः 'तृतीयपंथी' ही संज्ञा वापरली जाते. 'पारलिंगी' हा शब्द इंग्रजीतील 'ट्रान्सजेंडर' या शब्दाला पर्याय म्हणून रूढ झाला. 'हिजडा' आणि 'किन्नर' हे शब्द गुरू-चेला परंपरेतील घराण्यांशी जोडलेले आहेत. दक्षिण महाराष्ट्रात व सीमाभागात यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्यांची परंपरा आहे. सर्वच पारलिंगी स्त्रिया घराण्यांत राहत नाहीत. काही आपल्या कुटुंबात किंवा स्वतंत्रपणे राहतात, तर काही दिवसा पुरुषवेशात वावरतात. आरोग्य कार्यक्रमांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण डेऱ्यांमार्फत केलेला संपर्क डेऱ्याबाहेरील व्यक्तींपर्यंत पोहोचत नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' हा लिंगपर्याय देण्यात आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. ओळख उघड करण्यातील धोका लक्षात घेता प्रत्यक्ष संख्या यापेक्षा जास्त असावी, असे मानले जाते. एचआयव्ही कार्यक्रमासाठीची गणना वेगळ्या पद्धतीने होते. तिच्यात ठरावीक ठिकाणी संपर्कात येऊ शकणाऱ्या व्यक्ती मोजल्या जातात, म्हणून त्या आकड्याची जनगणनेशी थेट तुलना करता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात 'षंढ' ठरवलेल्या व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे करणे हा नोंद झालेल्या व्यक्तीसाठी शिक्षापात्र गुन्हा होता. औरंगाबाद व मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीवर स्वतंत्र कायदा केला. तेलंगणात हा कायदा औपचारिकरीत्या दीर्घकाळ कायम राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

भारतात एचआयव्ही संसर्गाचे पहिले निदान १९८६ साली मद्रास येथे झाले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) स्थापन झाली आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था व मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था १९९८ पासून कार्यरत आहेत. सुरुवातीच्या काळात प्रतिबंधाचे काम मुख्यतः देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यावर केंद्रित होते. पारलिंगी स्त्रियांची गणना 'पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष' या गटात केली जाई. त्यामुळे त्यांच्यातील संसर्गाचे स्वतंत्र प्रमाण समजत नसे आणि त्यांच्या शरीराशी व जीवनपद्धतीशी संबंधित गरजा कार्यक्रमात दिसत नसत. चौथ्या टप्प्यात, २०१२ नंतर, हिजडा व पारलिंगी व्यक्तींसाठी स्वतंत्र लक्ष्यित हस्तक्षेप प्रकल्पांना चालना मिळाली.

संसर्गाचे प्रमाण

महाराष्ट्रातील जुन्या पाहण्या लहान गटांवर आणि प्रामुख्याने लैंगिक आजारांच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर आधारलेल्या आहेत. पुण्यातील अशा दवाखान्यांत १९९३ ते २००२ या काळात तपासलेल्या हिजडा रुग्णांपैकी सुमारे ४५ टक्के व्यक्ती एचआयव्हीबाधित आढळल्या. त्याच दवाखान्यांतील इतर पुरुष रुग्णांमध्ये हे प्रमाण याच्या निम्म्याहून कमी होते. दवाखान्यात येणाऱ्या व्यक्तींना आधीच लक्षणे असण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे असे आकडे संपूर्ण समुदायाला लागू करता येत नाहीत. तथापि, संसर्ग समुदायात किती खोलवर पोहोचला होता, हे त्यांतून दिसून आले.

राष्ट्रीय पातळीवर २०१४-१५ च्या एकात्मिक जैविक व वर्तनविषयक पाहणीत पारलिंगी व्यक्तींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. २०२१ च्या प्रहरी सर्वेक्षणात ते ३.७८ टक्के होते. त्याच वर्षी देशातील प्रौढांमधील अंदाजित प्रमाण ०.२१ टक्के होते. म्हणजे घट होऊनही अंतर सुमारे अठरा पटींचे राहिले. दोन्ही पाहण्यांतील नमुना निवडीची पद्धत भिन्न असल्याने त्यांतील फरक पूर्णपणे कार्यक्रमाच्या यशामुळे आहे, असे म्हणता येत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ३.९४ लाख महाराष्ट्रात असून ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

जगभरातही हीच स्थिती दिसते. पंधरा देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात पारलिंगी स्त्रियांमधील एचआयव्हीचे प्रमाण १९.१ टक्के आढळले.

जोखमीची कारणे

जैविक कारणे

संरक्षणाविना गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्या जोडीदाराला होणाऱ्या संसर्गाची शक्यता प्रत्येक संबंधामागे सुमारे १.४ टक्के धरली जाते. योनीमार्गातील संबंधात स्त्री जोडीदारासाठी हीच शक्यता सुमारे ०.०८ टक्के आहे. गुदाशयाचे अस्तर पातळ असते व त्याला सहज इजा होते, हे यामागचे मुख्य कारण होय. सिफिलिस, गनोरिया यांसारखे आजार उपचाराविना राहिल्यास धोका आणखी वाढतो. निरोधासोबत पाण्यावर आधारित वंगण न वापरल्यास निरोध फाटण्याची शक्यता असते. तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास निरोधाचे रबर कमकुवत होते. या कारणास्तव पारलिंगी व्यक्तींसाठीच्या प्रकल्पांत निरोधाबरोबर वंगणाच्या पुरवठ्याचाही समावेश करण्यात आला.

सामाजिक व आर्थिक कारणे

अनेक पारलिंगी स्त्रियांना पौगंडावस्थेतच घर सोडावे लागते. त्याच सुमारास शिक्षण सुटते आणि औपचारिक रोजगाराचा मार्ग बंद होतो. बधाई, म्हणजे जन्म किंवा विवाहप्रसंगी आशीर्वाद देऊन दक्षिणा घेणे, मंगती, म्हणजे बाजारात किंवा रेल्वेत पैसे मागणे, आणि देहविक्रय ही उपजीविकेची प्रमुख साधने राहतात. बधाईचे क्षेत्र घराण्यांमध्ये वाटलेले असते आणि त्यात नव्या चेल्याला मर्यादित वाटा मिळतो. निरोधाचा आग्रह धरल्यास ग्राहक निघून जातो किंवा कमी पैसे देतो. ज्या दिवशी खोलीचे भाडे किंवा गुरूला द्यावयाची रक्कम बाकी असते, त्या दिवशी हा आग्रह टिकत नाही. कायमस्वरूपी जोडीदाराशी असलेल्या संबंधात निरोध विश्वासाच्या अभावाचे चिन्ह समजला जातो. त्यामुळे ग्राहकांपेक्षा जोडीदारासोबत निरोधाचा वापर कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

बळजबरीच्या संबंधांत निरोधाचा प्रश्नच उद्भवत नाही. अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत सुरू केल्यास संसर्ग टाळू शकणारी औषधे शासकीय रुग्णालयांत उपलब्ध असतात. मात्र तक्रारीची वा उपहासाची भीती असलेली व्यक्ती या मुदतीत रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता कमी असते.

शरीरपरिवर्तनाशी निगडित जोखीम

संप्रेरक उपचार प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळणे मोठ्या शहरांबाहेर कठीण आहे. त्यामुळे औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या विकत घेऊन त्या अधिक मात्रेत घेण्याची पद्धत आढळते. यातून रक्तात गुठळी होणे, यकृतावर ताण येणे असे धोके संभवतात. घराण्यांमध्ये लिंग व वृषण काढण्याच्या विधीला 'निर्वाण' म्हणतात. पूर्वी तो समुदायातील दाईअम्मा करीत असे. अप्रशिक्षित व्यक्तीकडून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्ग आकुंचित होण्याच्या तक्रारी होतात. निर्जंतुक न केलेली हत्यारे व सुया यांतून रक्ताद्वारे पसरणाऱ्या आजारांचा धोकाही राहतो.

आरोग्यसेवेतील अडथळे

रुग्णालयातील पहिला अडथळा नोंदणीच्या खिडकीवरच येतो. केसपेपरवर 'स्त्री' की 'पुरुष' असे विचारले जाते. आधारपत्रावरील जुने नाव आणि समोरील व्यक्तीचे रूप जुळत नसल्यास रांगेतील इतरांसमोर खुलासा करावा लागतो. पुकारा जुन्या नावाने झाल्यास रुग्णाची ओळख सर्वांसमोर उघड होते. दाखल होण्याची वेळ आल्यास स्त्रियांचा की पुरुषांचा वॉर्ड, हा प्रश्न उभा राहतो. पुरुष वॉर्डात सुरक्षिततेची आणि स्त्री वॉर्डात इतर रुग्णांच्या आक्षेपाची अडचण असते. डॉक्टरांच्या शिक्षणात पारलिंगी आरोग्याचा समावेश अपुरा असल्याने तपासणीपेक्षा कुतूहलाचे प्रश्न अधिक विचारले जातात, अशी तक्रार समुदायाकडून वारंवार केली जाते. ताप किंवा पोटदुखी घेऊन आलेल्या व्यक्तीला थेट एचआयव्ही चाचणीसाठी पाठवले जाणे हाही या तक्रारीचा भाग आहे.

दुसरा अडथळा गोपनीयतेचा आहे. एचआयव्हीबाधित असल्याचे समुदायात कळल्यास डेऱ्यातील स्थान, चेले आणि ग्राहक गमावण्याची भीती असते. एआरटी केंद्राच्या दारात ओळखीची व्यक्ती भेटू नये म्हणून काही रुग्ण दूरच्या शहरातील केंद्रात नाव नोंदवतात. परिणामी प्रवासखर्च वाढतो आणि औषधांत खंड पडण्याची शक्यताही वाढते.

तिसरा अडथळा स्थलांतराचा आहे. यात्रा, सण व बधाईच्या हंगामानुसार गावोगावी फिरणाऱ्या, तसेच गुरू बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या व्यक्तींना दरमहा एकाच केंद्रात हजर राहणे जमत नाही. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नोंद हस्तांतरित करण्याची आणि स्थिर रुग्णांना एकाहून अधिक महिन्यांची औषधे एकदम देण्याची सोय कार्यक्रमात आहे. या सोयीची माहिती रुग्णापर्यंत पोहोचली नाही, तर तो केवळ 'उपचार सोडलेला' म्हणून नोंदला जातो.

औषधोपचारांविषयीचा एक गैरसमजही अडथळा ठरतो. एआरटीमुळे स्त्रीत्वाची लक्षणे कमी होतात किंवा संप्रेरके निष्प्रभ होतात, या समजातून काही जणी दोहोंपैकी एक औषध थांबवतात. पूर्वीच्या उपचारातील एफाव्हिरेन्झ हे औषध इस्ट्रोजेनची रक्तातील पातळी घटवू शकते. सध्या प्रथम उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या संयुक्त गोळीतील डोलुटेग्रॅव्हिरचा इस्ट्रोजेनशी असा लक्षणीय परस्परपरिणाम आढळलेला नाही. दोन्ही उपचार एकत्र घेता येतात, मात्र त्यासाठी रुग्णाने आपण संप्रेरके घेत असल्याचे डॉक्टरांना सांगणे आणि डॉक्टरांनी ते निःसंकोचपणे विचारणे आवश्यक असते.

शासकीय कार्यक्रम

लक्ष्यित हस्तक्षेप प्रकल्प स्वयंसेवी व समुदायाधारित संस्थांमार्फत चालवले जातात. समुदायातीलच पिअर एज्युकेटर ठरावीक व्यक्तींच्या नियमित संपर्कात राहून निरोध व वंगण पुरवतात, लैंगिक आजारांच्या तपासणीसाठी नेतात आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी करून घेण्यास प्रवृत्त करतात. समुदायाच्या वस्तीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्राथमिक चाचणी करता येते. ती बाधित आल्यास निश्चित निदानासाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) पाठवले जाते. तेथे वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्यांच्या आधारे निदान केले जाते. लैंगिक आजारांवरील उपचारांसाठी शासकीय रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात.

मोफत एआरटी उपचारांची सुरुवात १ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ शासकीय रुग्णालयांत झाली. त्यांत मुंबईतील जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. पूर्वी रोगप्रतिकारक पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषधे सुरू होत. २०१७ पासून 'चाचणी व उपचार' धोरणानुसार निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीला पेशींची संख्या न पाहता औषधे दिली जातात. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी झाल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. त्यामुळे उपचार टिकवणे हाच प्रतिबंधाचाही मार्ग ठरतो. संसर्गापूर्वी घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधांबाबत (प्रेप) नाकोने २०२२ मध्ये तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

२०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात 'आयुष्मान भारत टीजी प्लस' योजनेसाठी करार झाला. तिच्यात पारलिंगी ओळखप्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण, तसेच लिंगपुष्टी शस्त्रक्रियेचा समावेश प्रस्तावित होता. मुंबईतील गोकुळदास तेजपाल (जी. टी.) रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू करण्यात आला. स्वतंत्र वॉर्डामुळे दाखल होताना होणारी कुचंबणा टळते. मात्र वेगळ्या वॉर्डामुळे रुग्णाची ओळख आपोआप उघड होते आणि इतर वॉर्डांना आपली जबाबदारी संपल्यासारखे वाटू शकते, असाही आक्षेप घेतला जातो.

कायदेशीर तरतुदी

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मुळे प्रतिबंधाच्या कामाला अडथळा येत असे. २००१ मध्ये लखनौ येथे एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याच कलमाखाली अटक झाली. २००६ मध्ये नाकोने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करून, या कलमाच्या भीतीने व्यक्ती लपून राहतात व सेवांपासून दूर जातात, अशी भूमिका मांडली. प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमातून वगळले.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार (नालसा) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. याच निकालात रुग्णालयांत त्यांना योग्य वैद्यकीय सेवा मिळण्यासाठी उपाययोजना करण्याचे आणि एचआयव्हीच्या प्रहरी सर्वेक्षणासाठी स्वतंत्र केंद्रे चालवण्याचे निर्देश केंद्र व राज्य सरकारांना देण्यात आले. संसदेने २०१९ मध्ये संमत केलेला तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. त्याच्या कलम १५ मध्ये स्वतंत्र प्रहरी सर्वेक्षण केंद्रे, संप्रेरक उपचार व शस्त्रक्रियेची सोय, त्यापूर्वीचे व नंतरचे समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरआढावा आणि विमासंरक्षण या तरतुदींचा अंतर्भाव करण्यात आला. पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासाठी या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद ठेवण्यात आली. स्त्रीवरील बलात्काराच्या शिक्षेच्या तुलनेत ती फार कमी असल्याची टीका झाली.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती उघड करण्यावर निर्बंध आहेत आणि रोजगार, निवास व आरोग्यसेवेत भेदभावास मनाई आहे. तक्रारनिवारणासाठी राज्याने लोकपाल नेमणे अपेक्षित आहे.

रक्तदानाचा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला आहे. २०१७ च्या रक्तदाता निवडीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये पारलिंगी व्यक्तींना कायमस्वरूपी अपात्र ठरवण्यात आले. व्यक्तीच्या वर्तनाऐवजी ओळखीवर आधारलेली ही बंदी भेदभावपूर्ण असल्याचा दावा करणारी याचिका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचे संरक्षण व कल्याण मंडळ स्थापन केले. राज्याचे तृतीयपंथी धोरण २०२४ मध्ये मंजूर झाले.

समुदायाधारित संस्था

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या हमसफर ट्रस्टने लैंगिक आरोग्याचे काम सुरू केले. दाई वेल्फेअर सोसायटी ही हिजडा समुदायाने स्वतःसाठी उभारलेली आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. तिच्या कामाशी लक्ष्मीनारायण त्रिपाठी निगडित होत्या. पुढे त्यांनी 'अस्तित्व' ही संस्था काढली. नालसा खटल्यात त्या एक पक्षकार होत्या. गौरी सावंत यांनी २००० साली स्थापन केलेली सखी चारचौघी ही संस्था मालवणी परिसरात कार्यरत आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि लैंगिकतेविषयी मराठीत लेखन केले. नागपूरमध्ये सारथी ट्रस्ट, तर सांगलीत 'संग्राम'शी निगडित 'मुस्कान' हा पुरुष व पारलिंगी देहविक्रेत्यांचा गट काम करतो.

पारलिंगी व्यक्तींनी चालवलेले पहिले 'मित्र' क्लिनिक जानेवारी २०२१ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाले. त्याच धर्तीवर कल्याण व पुणे येथे क्लिनिक उघडण्यात आले. एचआयव्ही चाचणी, संप्रेरकांविषयी सल्ला, मानसिक आरोग्य आणि कायदेविषयक मदत एकाच छताखाली मिळणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीवर जानेवारी २०२५ मध्ये स्थगिती आल्याने ही तिन्ही क्लिनिक बंद पडली. बाह्य निधीवर चालणाऱ्या सेवांच्या स्थैर्याचा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.

छत्रपती संभाजीनगर व मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ पासून कार्यरत असून ते 'घाटी' या नावाने ओळखले जाते. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांबरोबरच बुलढाणा व अहिल्यानगर जिल्ह्यांतूनही येथे रुग्ण येतात. येथील एआरटी केंद्रामुळे एचआयव्हीवरील उपचारांसाठी घाटी हे विभागातील महत्त्वाचे ठिकाण आहे. जिल्हा रुग्णालय शहराच्या पूर्वेस चिकलठाणा येथे आहे.

जिल्ह्यातील आरोग्यसेवेची रचना दुहेरी आहे. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असून जिल्हा परिषदेचे मुख्यालय औरंगपुरा भागात आहे. एचआयव्ही चाचणी व उपचारांच्या कामाचे जिल्हास्तरीय समन्वयन मात्र जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे (डापकू) असते. शहरातील नागरी आरोग्य केंद्रे महानगरपालिका चालवते. पारलिंगी व्यक्तीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सामान्य आजार, एचआयव्ही चाचणी, एआरटी आणि ओळखप्रमाणपत्र यांसाठी तिला वेगवेगळ्या कार्यालयांत जावे लागते. २०२० च्या नियमांनुसार ओळखप्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावरून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर नाव, लिंग व पत्ता यांचा पुरावा मागितला जातो. घरातून काढून टाकलेल्या आणि डेऱ्यात राहणाऱ्या व्यक्तीकडे पत्त्याचा पुरावा नसणे ही सामान्य बाब आहे.

औरंगपुरा, गुलमंडी आणि पैठण गेट हा शहराच्या जुन्या बाजारपेठांचा सलग पट्टा आहे. येथून घाटी रुग्णालय फारसे दूर नाही. त्यामुळे शहरात राहणाऱ्या व्यक्तीसाठी अंतर हा मुख्य अडथळा नाही. बाह्यरुग्ण विभागाची वेळ, गर्दी आणि तेथे मिळणारी वागणूक हे घटक अधिक निर्णायक ठरतात. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या व्यक्तीला सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावणे अवघड जाते, तर दिवसभर रांगेत थांबल्यास त्या दिवसाची कमाई बुडते. याउलट ग्रामीण मराठवाड्यातील व्यक्तीसाठी अंतर व प्रवासखर्च हेच निर्णायक असतात. तालुक्याच्या ठिकाणी चाचणी उपलब्ध असली, तरी लहान गावात ओळख उघड होण्याची भीती अधिक असल्याने रुग्ण विभागीय शहराकडे वळतात.

मर्यादा व टीका

एचआयव्ही कार्यक्रम हा पारलिंगी समुदायापर्यंत पोहोचलेला पहिला मोठा शासकीय आरोग्य कार्यक्रम ठरला. अनेक समुदायाधारित संस्था त्याच्याच निधीतून उभ्या राहिल्या. परंतु त्यामुळे पारलिंगी आरोग्य म्हणजे केवळ एचआयव्ही, अशी समजूत दृढ झाल्याची टीका होते. मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, संप्रेरक उपचार, मधुमेह व उच्च रक्तदाबासारखे आजार आणि वार्धक्यातील काळजी यांना प्रकल्पांत फारसे स्थान मिळाले नाही. पिअर एज्युकेटरना मिळणारे मानधन अल्प असते आणि प्रकल्पाची मुदत संपल्यावर त्यांचे काम थांबते.

आकडेवारीच्या मर्यादाही आहेत. रुग्णालयाच्या नोंदीत पारलिंगी व्यक्ती 'पुरुष' म्हणून नोंदली गेल्यास उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर किती जणी टिकल्या व किती गळाल्या, हे कळत नाही. पारलिंगी पुरुषांविषयीची माहिती तर याहूनही अपुरी आहे. सर्वेक्षणे प्रामुख्याने लक्ष्यित प्रकल्पांच्या संपर्कातील व्यक्तींवर आधारलेली असल्याने, कोणत्याही प्रकल्पाशी न जोडलेल्या पारलिंगी स्त्रियांमधील संसर्ग त्यांत प्रतिबिंबित होत नाही.